जुन्या बँकॉकचा एक दिवस: मुलं, आजी-आजोबा आणि नेमका क्रम

बँकॉकला जाऊन आलेल्या ओळखीच्यांना विचारा, राजवाडा पाहिलात का? निम्मे जण उन्हाच्या आठवणी सांगतात. उरलेल्यांतला एखादा तरी म्हणतो, "आम्ही गेलो आणि नेमका त्याच दिवशी बंद!" बंद बहुधा नव्हताच. रस्त्यात कुणीतरी तसं सांगितलं आणि यांनी ऐकलं.

चुकणारं वेळापत्रक सगळ्यांचं सारखंच असतं. हॉटेलचा नाश्ता नऊपर्यंत रेंगाळतो, साडेनऊला टॅक्सी, मग रहदारी, अकराला तिकिटाची रांग. बाराच्या उन्हात मुलं कुरकुरतात, आजी मिळेल त्या पायरीवर बसते, वाट फो ('वाट' म्हणजे देऊळ) धावतपळत उरकलं जातं आणि वाट अरुण अलीकडच्या काठावरून फोटोपुरतं बघून घेतात. खालचा क्रम मी दोनदा वापरलाय. पहिल्यांदा फक्त आम्ही नवरा-बायको आणि मुलं, दुसऱ्यांदा सत्तरी ओलांडलेली आईही बरोबर होती. दुसरा दिवस जास्त चांगला गेला, कारण पहिल्या वेळी काय काय चुकलं ते माहीत होतं.

ठिकाणं तीनच: राजवाडा आणि त्याच्या आवारातलं वाट फ्रा केओ, म्हणजे पाचूच्या बुद्धाचं देऊळ, मग वाट फो, मग नदीपलीकडचं वाट अरुण. "एवढ्या लांब आलोय तर ते सोन्याचं देऊळ आणि तरंगता बाजारही करून टाकू" असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. त्यांना दुसरा दिवस द्या.

## टप्पा १: आदली संध्याकाळ

वार. सोमवार ते शुक्रवार यांतला धरा. त्याचं कारण सहाव्या टप्प्यात आहे. राजघराण्याचे समारंभ असतात तेव्हा राजवाडा किंवा त्याचा काही भाग बंद ठेवतात. हे राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर आदल्या रात्री बघून ठेवा. फार तर दोन मिनिटं लागतात, पण दुसऱ्या दिवशी रस्त्यात कुणी "आज बंद आहे" म्हणालं तर तुमचा पाय डगमगत नाही.

कपडे. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. राजवाड्याच्या दारावर कपडे बघतात आणि परत पाठवतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बर्म्युडा, तोकडा स्कर्ट, बिनबाह्यांचा टॉप, फाटकी जीन्स, आरपार दिसणारं कापड यांतलं काही चालत नाही. आपल्याकडच्या तीन नेहमीच्या चुका सांगते:

- "ओढणी घेईन की खांद्यावर." राजवाड्याच्या दारावर बिनबाह्यांच्या कपड्यावर ओढणी टाकून काम होईल असं धरू नका. बाह्या हव्यात.
- नुसती लेगिंग आणि आखूड टॉप. घट्ट कपड्यांना मनाई आहे. लेगिंगच घालायची तर वर गुडघ्याखाली जाणारा कुर्ता हवा. सुती सलवार किंवा पलाझो त्याहून सुखाचा.
- साडी, पण ब्लाउज बिनबाह्यांचा.

पुरुषांना पूर्ण पँट. मुलांना कधी सोडतात, कधी नाही. एका पोरासाठी सगळ्यांचा खोळंबा होण्यापेक्षा त्यालाही पँटच घाला. राजवाड्याबाहेर हत्तींच्या नक्षीच्या ढगळ विजारी विकणारे बसलेले असतात. आमच्या लेकीच्या फ्रॉकमुळे आम्हाला एक घ्यावी लागली. ती आता घरी पायजमा म्हणून वापरते, म्हणजे पैसे अगदीच वाया गेले नाहीत; पण वीस मिनिटं गेली आणि तेवढ्यात आमच्यापुढे चार बसमधले प्रवासी आत शिरले.

पायात बिनलेसचे बूट किंवा चपला, पटकन निघणाऱ्या. दिवसभरात बरेचदा काढायच्या आहेत. शिवाय प्रत्येकी एक जोडी सुती मोजे पिशवीत टाका. देवळांच्या अंगणातली फरशी दुपारी तव्यासारखी तापते, आणि अनवाणी पायाने तीन उड्या मारून झाल्यावर मोज्यांची आठवण येऊन उपयोग नसतो. चपला ठेवायला कापडी पिशवी घ्या, म्हणजे हॉलच्या एका दाराने शिरून दुसऱ्याने निघालात तरी चपलांसाठी मागे फिरावं लागत नाही.

पैसे. शंभराच्या आणि वीसच्या नोटा, रोख. परदेशी माणसाला राजवाड्याचं तिकीट ५०० बाथ (तिथलं चलन), वाट फोचं ३००, वाट अरुणचं २००. म्हणजे माणशी हजार. वाट फो आधी दोनशेला होतं आणि वाट अरुण शंभराला, तेव्हा थोडी वाढ धरूनच पैसे काढा. राजवाड्यात १२० सेंटिमीटरहून बुटक्या मुलांना तिकीट नाही. तिथे वय नाही, उंची बघतात, म्हणून निघण्याआधी मुलाला भिंतीशी उभं करून मोजून घ्या.

गोष्ट. हे बहुतेकांच्या यादीत नसतं, पण मुलांचा अर्धा दिवस यावर ठरतो. रात्री झोपताना मुलांना रामायण पुन्हा एकदा सांगा. अख्खं नको. जनकाला शेतात सापडलेली सीता, जटायू, वालीसुग्रीव, सेतू, कुंभकर्ण, इंद्रजित एवढं ताजं करून ठेवा. उद्या वाट फ्रा केओच्या भिंतींवर हेच सगळं थाई वेशात भेटणार आहे. तिथल्या रामायणाचं नाव रामाकियेन. राम म्हणजे फ्रा राम, लक्ष्मण फ्रा लाक, सीता नांग सीदा, रावण थोत्साकान (आपला दशकंठ), बिभीषण फिफेक, मंदोदरी मोंथो, जटायू सदायू. ही नावं कागदावर लिहून मुलांच्या हातात द्या आणि ओळखण्याचा खेळ लावा.

*तपासा:* मोजे, छत्री (उन्हासाठीही), टोपी, पाण्याच्या बाटल्या, मीठ-साखरेची किंवा ओआरएसची पुडी, कोरडा खाऊ, पासपोर्टची झेरॉक्स, हॉटेलचं थाई लिपीतलं कार्ड. बाबागाडी हॉटेलवरच ठेवा. देवळांत पायऱ्या आणि उंच उंबरे आहेत.

## टप्पा २: साडेसातच्या आत बाहेर

राजवाडा साडेआठला उघडतो आणि साडेतीनला तिकीटखिडकी बंद होते. साडेआठला दारात असणं हेच उद्दिष्ट.

थायलंडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे. तिथे सकाळी साडेसहा वाजतात तेव्हा मुलांच्या अंगातल्या घड्याळात पाच वाजलेले असतात. म्हणून हा दिवस सहलीच्या पहिल्याच सकाळी ठेवू नका. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापर्यंत सगळे रुळलेले असतात.

नाश्त्याला हॉटेलमध्ये वाट बघत बसू नका. बरेच जण बुफेचे पैसे वसूल करायला थांबतात आणि अख्खी सकाळ घालवतात. दशम्या, मेतकूट-पोहे, केळी, जे असेल ते खोलीतच खाऊन निघा.

कसं जायचं ते तुम्ही कुठे उतरला आहात त्यावर ठरेल.

सुखुमवितच्या बाजूला असाल तर भुयारी मेट्रोची निळी लाइन थेट सानाम चाय स्थानकाला जाते. स्थानक सुंदर आहे, पण इथे एक फसगत होते: नकाशावर राजवाडा अगदी शेजारी दिसतो, आणि शेजारी असते ती त्याची मागची भिंत. पर्यटकांचं दार उत्तरेला, ना फ्रा लान रस्त्यावर आहे. स्थानकातून तिथवर सव्वा ते दीड किलोमीटर चालावं लागतं. तरुणांना वीस मिनिटं. आजी-आजोबा बरोबर असतील तर स्थानकाबाहेर टॅक्सी करा.

सियाम, सीलोम बाजूला असाल तर बीटीएसने, म्हणजे उंचावरून धावणाऱ्या मेट्रोने, सापान ताक्सिन, खाली साथोर्न धक्का, आणि तिथून चाओ फ्राया नदीची होडी. उतरायचं था चांग धक्क्यावर. तिथून दार पाच-सात मिनिटांवर. नारिंगी निशाणाची होडी स्थानिक लोकांची, स्वस्त आणि दिवसभर चालणारी. धक्क्यावर खासगी होडीचे दलाल मोठ्याने हाका मारतात. सरळ तिकीटखिडकीकडे चला. होडी धक्क्याला क्षणभरच टेकते. लहान मुलांना हात धरून आधी चढवा, मोठ्यांनी मागून चढा, आणि उतरायच्या एक थांबा आधीच दाराजवळ या.

प्रातुनामला असाल तर सकाळी लवकर टॅक्सी हाच सरळ उपाय. मीटर लावायला सांगा, नाहीतर ॲपवरून बोलवा. साध्या टॅक्सीत चारच माणसं बसतात. पाच-सहा जण असाल तर मोठी गाडी आदल्या रात्रीच ठरवा. सकाळी "मुलांना मांडीवर घेऊ" यावर वाद घालण्यात सगळे थकतात.

*सावध:* सकाळी आठला स्थानकात असाल तर अचानक राष्ट्रगीत लागतं आणि सगळी माणसं जागच्या जागी थबकतात. तुम्हीही थांबा. मुलांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ती स्तब्ध गर्दी बघून त्यांना हसू फुटणार नाही.

## टप्पा ३: धक्क्यापासून दारापर्यंतची पाचशे पावलं

अख्ख्या दिवसातला सर्वांत धोक्याचा पट्टा हाच. राजवाड्याभोवतीची तटबंदी १,९०० मीटर लांब आहे आणि तिच्याकडेने सज्जन दिसणारी माणसं उभी असतात. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी. बोलणं गोड: "आज बौद्ध सण आहे, राजवाडा दुपारी एकला उघडेल," किंवा "आता फक्त थाई लोकांना सोडतात." लगोलग उपायही तयार: चाळीस बाथमध्ये टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, तुम्हाला तीन देवळं दाखवेल, फार भाग्याचा बुद्ध आहे वगैरे. टुकटुक एखादं देऊळ दाखवते आणि मग रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानासमोर थांबते.

पहिल्या वेळी आम्ही फसलो. तो माणूस इतका आपुलकीने बोलत होता की नवऱ्याने त्याला उलट धन्यवाद दिले. अकरा वाजता आम्ही एका दुकानात थंड सरबत पीत निळ्या खड्यांच्या अंगठ्या बघत होतो. घेतलं काही नाही, पण सकाळ गेली ती गेलीच.

नियम एकच: राजवाडा उघडा आहे की बंद हे फक्त दारावरचा गणवेशातला पहारेकरी सांगू शकतो. दार डोळ्यांनी दिसेपर्यंत कुणाशी बोलायला थांबू नका. हसून मान हलवायची आणि चालत राहायचं. आजोबांना हे खास समजावून सांगा. अनोळखी माणसाने आदराने नमस्कार केला की आपले ज्येष्ठ थांबतातच.

## टप्पा ४: राजवाडा, साडेआठ ते अकरा

तिकीट जपून ठेवा. फाडून टाकू नका, मुलांच्या हाती देऊ नका. दुपारी लागणार आहे.

आत शिरल्यावर समोर सोनेरी चैत्य चमकतो आणि सगळी गर्दी तिथेच फोटोसाठी थांबते. तुम्ही थांबू नका. आधी पाचूच्या बुद्धाच्या मुख्य मंदिरात जा, कारण साडेनऊनंतर तिथे मोठ्या गटांची रांग लागते. चपला काढा, उंबऱ्यावर पाय न देता तो ओलांडा, आत खाली बसा आणि पाय मागे दुमडून घ्या. तळवे मूर्तीच्या दिशेने करणं हा तिथे अपमान. मांडी घालणाऱ्या आपल्या माणसांना हे सोपं जातं. गुडघे दुखणाऱ्यांनी मागच्या बाजूला उभं राहून दर्शन घ्यावं. आत फोटो काढायला मनाई आहे.

मूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटरची आणि फार उंचावर आहे. शिवाय ती पाचूची नाहीच, दुसऱ्याच एका हिरव्या दगडाची आहे. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशा तीन ऋतूंना तिची वस्त्रं बदलतात आणि ती राजा स्वतः बदलतो. "एवढीशीच?" हा मुलांचा प्रश्न येणारच, तेव्हा आधीच सांगून ठेवा. घरात छोटी दुर्बीण असेल तर इथे तिचा उपयोग होतो.

बाहेर आल्यावर देवळाच्या भिंतींवरचे गरुड मोजायला लावा. नाग धरून उभे असे ११२ आहेत. आमच्या मुलाने चाळीसवर सोडून दिलं.

मग साडेनऊच्या सुमारास, ऊन चढायला लागल्यावर, आवाराच्या कडेने फिरणाऱ्या ओवऱ्यांत शिरा. इथे छप्पर आहे. लोक उघड्या अंगणात तापत बसतात आणि ही सावली रिकामी असते. या ओवऱ्यांच्या भिंतींवर रामाकियेनची १७८ चित्रं आहेत. सुरुवात उत्तरेच्या दारापासून, तिथून उजवीकडून फिरत जायचं, आपण प्रदक्षिणा घालतो तसं. उलट फिरलात तर कथा शेवटाकडून सुरू होते आणि मुलांना काही लागत नाही. ही चूक नव्वद टक्के माणसं करतात असं मी म्हणेन. मोजलेलं अर्थातच नाही.

पहिल्या चित्रात जनकाला नांगरताना सीता सापडते. हिरव्या अंगाचा तो राम, सोनेरी तो लक्ष्मण, पांढरा हनुमान, तांबडा सुग्रीव. रावणही हिरवाच आहे, पण त्याला तोंडं पुष्कळ. एवढी किल्ली हाती आली की मुलं पुढे पळतात आणि मोठ्यांना मागून ओढत नेतात. सगळी १७८ बघण्याचा हट्ट नको. चाळीस-पन्नास बघून, हनुमान प्रचंड रूप घेऊन रामाचा तळ राखतो ते चित्र शोधून काढा आणि थांबा.

एक गोष्ट आजी-आजोबांच्या कानावर आधीच घाला. इथला मारुती ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या रावणाच्या मत्स्यकन्येच्या तो प्रेमात पडतो. आमची आई त्या चित्रापुढे बराच वेळ गप्प उभी होती. मग म्हणाली, "यांचा वेगळा असेल गं," आणि पुढे गेली. सीताही इथे मुळात रावणाचीच टाकून दिलेली मुलगी आहे. मुलांना हे भलतंच आवडतं.

दारांवर सहा जोड्या, म्हणजे बारा राक्षस पहारा देतात. अंगकोर वाटची दगडी प्रतिकृतीही याच आवारात आहे. तिच्याभोवती दहा मिनिटं पुरे. देवळाच्या आवारातून राजवाड्याच्या अंगणात गेलात की पुन्हा मागे येता येईल असं धरू नका, म्हणून देवळातलं सगळं आधी संपवा. राजमहाल बाहेरूनच बघायचे आहेत. ते पटकन होतात.

पाय दुखत असतील तर राणी सिरिकित वस्त्रसंग्रहालय याच आवारात, याच तिकिटात आणि वातानुकूलित आहे. अर्धा तास थंडाव्यात बसायला मिळतं. रेशीम बघत आईचा थकवा तिथेच उतरला.

*तपासा:* चुकामूक झाली तर भेटण्याची जागा आवारातली एखादी ठळक खूण ठरवा, उदाहरणार्थ अंगकोरची प्रतिकृती. "जिथून आत आलो तिथे" असं ठरवू नका, बाहेर काढतात ते दार वेगळं असतं.

## टप्पा ५: वाट फो, साडेअकरा ते साडेबारा

राजवाड्याच्या भिंतीकडेने दक्षिणेला दहा-पंधरा मिनिटं चालत. टुकटुकवाले मागे लागतील, पण एवढ्यासाठी नको. वाट फोला दोन बाजूंनी शिरता येतं. थाय वांग रस्त्यावरच्या, राजवाड्याकडच्या दाराने आत शिरा आणि पलीकडच्या चेतुफोन रस्त्याच्या दाराने बाहेर पडा. तसं केलंत की मेट्रो जवळ येते. उलट केलंत की तेवढंच अंतर भर उन्हात परत तुडवायचं.

पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच. फोटो पायांकडून घ्या, तळव्यांवरची मोत्याच्या शिंपल्याची १०८ चिन्हं तिथूनच दिसतात. मागच्या बाजूला १०८ वाट्या ओळीने मांडल्या आहेत आणि त्यांत टाकायला सुटी नाणी मिळतात. नाण्यांचा तो आवाज ऐकत मुलं शहाण्यासारखी रांगेत चालतात, तेव्हा वीस बाथ खर्च करा.

बुद्ध पाहून लगेच बाहेर पडू नका. अंगणातल्या छोट्या दगडी टेकड्यांवर दाढीवाल्या ऋषींचे पुतळे आहेत, चित्रविचित्र आसनं घातलेले. यांना ते 'रुसी' म्हणतात, म्हणजे आपले ऋषीच. मुलांना एकेक आसन करायला लावा. सावली मात्र बघून.

वाट फोमध्ये मालिशचं प्रसिद्ध केंद्र आहे. आजी-आजोबांना पायाची अर्ध्या तासाची मालिश द्यायची तर दर विचारून आधी नाव नोंदवा आणि मग बाकीचं फिरा. आधी फिरून मग गेलात तर वाट बघण्यातच वेळ जातो. गुडघ्याचं ऑपरेशन, रक्तदाब, मणक्याचा त्रास असेल तर सुरुवातीलाच सांगा किंवा टाळा.

*सावध:* स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये, हातात थेट काही देऊ नये. अरुंद वाटेवर भिक्षू समोरून आले तर बाजूला व्हा. मुलांनी बुद्धमूर्तीवर चढून किंवा तिची नक्कल करून फोटो काढणं खपवून घेतलं जात नाही.

## टप्पा ६: जेवण आणि सावली, साडेबारा ते साडेतीन

या तीन तासांत उघड्यावर काही करायचं नाही. आपल्या मुलांची उन्हाळ्याची सुट्टी एप्रिल-मेमध्ये येते आणि एप्रिल म्हणजे बँकॉकचा सर्वांत तापलेला काळ. बहुतेक घरांचा दिवस इथेच मोडतो, कारण ते याच वेळी वाट अरुणच्या पायऱ्या चढायला घेतात.

सानाम चायहून मेट्रोने एकच थांबा पुढे साम योतला जा. तिथून चालत काही मिनिटांवर फाहुरात, बँकॉकची भारतीय वस्ती: कापडाची दुकानं, शिखांचा मोठा सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा आणि गल्लीबोळांतली शाकाहारी खाणावळ. पोळी-भाजी मिळाल्यावर आजोबांचा चेहरा उजळतो. "थायलंडला येऊन भारतीय जेवण?" असं तरुण मंडळी म्हणतील, त्यांनी रात्री हवं ते खावं. दुपारचा प्रयोग पोटाला नडला तर उरलेला दिवस स्वच्छतागृह शोधण्यात जातो. (तिथल्या बहुतेक स्वच्छतागृहांत पाण्याचा हातफवारा असतो, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी.)

थाई दुकानातच खायचं असेल तर पिवळ्या पाटीवरचं तांबडं, इंग्रजी सतरासारखं दिसणारं अक्षर शोधा. ते 'चे' जेवण, म्हणजे मांस-मासे-अंडं नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. जेवणाला ते 'आहान' म्हणतात, आपला आहारच: 'आहान चे'. नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. भाज्या येतात, पण त्यांत माशांचं पाणी असतं. "मै साय नाम प्ला" म्हणजे माशांचं पाणी घालू नका. "मै साय खाय" म्हणजे अंडं नको. हा 'ख' आपल्यासारखाच स्पष्ट म्हणा, कारण 'काय' म्हणजे कोंबडी. इंग्रजी उच्चारांच्या पुस्तकात हे दोन्ही गडबडतात. आपल्या तोंडाला फरक उपजत येतो.

आता ते जपलेलं तिकीट काढा. राजवाड्याच्या तिकिटात साला चालेर्मक्रुंग नाट्यगृहातला खोन या मुखवटा-नृत्याचा छोटा प्रयोगही येतो, साधारण पंचवीस मिनिटांचा. नाट्यगृह साम योत स्थानकाजवळच, फाहुरातला लागून आहे. प्रयोग सोमवार ते शुक्रवार असतात. त्या दिवशीच्या वेळा सकाळी राजवाड्याच्या तिकीटखिडकीवरच विचारून घ्या आणि त्याप्रमाणे जेवण पुढे-मागे करा. मुखवटे घातलेला हनुमान आणि राक्षस रंगमंचावर उड्या मारतात, तेव्हा सकाळी भिंतीवर पाहिलेली माणसं चालायला लागल्यासारखं मुलांना वाटतं. अनेक जण हे तिकीट राजवाड्याबाहेरच्या कचरापेटीत टाकून येतात.

प्रयोग नसेल किंवा शनिवार-रविवार असेल तर सानाम चाय स्थानकावरचं म्युझियम सियाम बरं पडतं: थंड, मुलांना हाताळायला भरपूर. सोमवारी ते बंद असतं. आणि कुणी अगदीच गळून गेलं असेल तर टॅक्सी करून त्यांना हॉटेलवर पाठवा. संध्याकाळी सगळ्यांनी हजर असलंच पाहिजे असं नाही.

## टप्पा ७: वाट अरुण, चार ते सूर्यास्त

परत सानाम चाय, तिथून दहा मिनिटं चालत था तियेन धक्का. पलीकडे नेणारी छोटी होडी पाच बाथ घेते. इथेही "खास होडी, अर्ध्या तासात फिरवून आणतो" असे भाव सांगणारे भेटतात. पाच बाथची खिडकी विचारा.

नावावरून होणारी चूक: अरुण म्हणजे पहाट, म्हणून लोक पहाटे जायचं ठरवतात. देऊळ आठला उघडतं आणि सहाला बंद होतं. त्याची शोभा उतरत्या उन्हात, चिनी मातीच्या तुकड्यांची फुलं चमकतात तेव्हा.

मधल्या उंच मनोऱ्याच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. चढताना काही वाटत नाही, उतरताना पोटात गोळा येतो. आजी-आजोबांनी खालच्या अंगणात थांबावं, मुलांबरोबर एक मोठं माणूस उतरताना खालच्या बाजूला राहावं. पावसाळ्यात, म्हणजे साधारण मे ते ऑक्टोबर, दुपारची सर येऊन गेली असेल तर ओल्या पायऱ्या चढूच नका.

आवारात थाई पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. घ्यायचा तर चार वाजताच घ्या. पाचला घेतलात तर केस-दागिन्यांतच वेळ संपतो.

जाण्याआधी मुलांना बाजूच्या मंदिराच्या दाराशी न्या. दोन राक्षस उभे आहेत, एक पांढरा, एक हिरवा. पांढरा साहात्सादेचा, सहस्रतेज. हिरव्याला मुलं स्वतःच ओळखतील. देवळाचा पहारेकरी म्हणून रावण कसा, हा प्रश्न आमच्याकडे होडीत बसेपर्यंत चालू होता.

सूर्यास्तासाठी देऊळ बंद होण्याची वाट न बघता पावणेसहाच्या आत होडीने परत अलीकडे या. सूर्य वाट अरुणच्या मागे मावळतो, म्हणजे तो था तियेनच्या काठावरूनच दिसतो. हिवाळ्यात पावणेसहा-सहाला, मे-जूनमध्ये साडेसहानंतर. काठावरच्या हॉटेलांच्या गच्च्यांवर जागा हवी असेल तर आदल्या दिवशी नोंदवा. नाहीतर धक्क्याच्या आसपास उभं राहून फुकटात तेवढंच दिसतं.

मग चालत सानाम चाय आणि मेट्रोने हॉटेल. संध्याकाळच्या रहदारीत टॅक्सीच्या फंदात पडू नका. ढगांमुळे सूर्यास्त सोडून लवकर निघालात आणि सहाच्या ठोक्याला स्थानकात असाल, तर राष्ट्रगीत पुन्हा लागेल. या वेळी मुलंच तुम्हाला हात धरून थांबवतील.